कापसाचे आयातशुल्क आणि सिद्धांतांचे मतभेद

केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ रोजी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क स्थगित केले. प्रारंभी ३० सप्टेंबरपर्यंत असलेली ही सवलत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. परभणी जिल्ह्यातील पिंगळीच्या परिसरात वेचणी होऊन कापूस बाजारात येतो तो याच महिन्यांत. हा निर्णय कृषिधोरणाचा की परराष्ट्रसंबंधांचा, याचे उत्तर कोणता सिद्धांत हाती धरला यावर अवलंबून आहे.

केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या संरचनात्मक वास्तववादाला राष्ट्र हे एकसंध घटक दिसते. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादले. तेव्हा कापसाची सवलत म्हणजे बलिष्ठाशी केलेली तडजोड, असा अर्थ या चौकटीत लागतो. सरकारने मात्र वस्त्रोद्योगाला कच्चा माल मिळावा, हे कारण दिले होते.

संस्थांवर विश्वास ठेवणारे उदारमतवादी अभ्यासक जागतिक व्यापार संघटनेकडे बोट दाखवतात. अमेरिकी कापूस अनुदानांविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये तक्रार केली आणि २००५ मध्ये अपीलही जिंकले. तरीही वाद मिटला तो २०१४ मध्ये, ३० कोटी डॉलर घेऊन. बेनिन, बुर्किना फासो, चाड व माली यांनी २००३ मध्ये केलेली अनुदानबंदीची मागणी तर रेंगाळतच राहिली. डिसेंबर २०१९ मध्ये संघटनेची अपील यंत्रणाच ठप्प झाली. नियमांचा आधार घेणाऱ्या सिद्धांताचा पाया त्यामुळे बराच खचला.

अवलंबित्वाच्या सिद्धांताला येथे इतिहासाची साथ आहे. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) लँकेशायरच्या गरजेमुळे शेजारच्या वऱ्हाडात कापसाचे भाव चढले आणि युद्ध संपताच कोसळले. मात्र देशांतर्गत हितसंबंधांचा झगडा त्यातून पुरेसा उलगडत नाही.

तो उलगडतो रॉबर्ट पुटनम यांच्या १९८८ मधील मांडणीत. वाटाघाटी करणारे सरकार एकाच वेळी परदेशाशी आणि स्वदेशातील गटांशी सौदा करीत असते, असे ते सांगतात. सूतगिरण्यांना स्वस्त कापूस हवा, शेतकऱ्याला भाव हवा. पैकी गिरणीमालक संघटित, तर कापूस उत्पादक विखुरलेले. मराठवाड्यापुरती तरी हीच मांडणी सर्वाधिक उपयोगी ठरते.

२०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. पण भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर तो पूर्ण मिळण्यासाठी ओलावा आठ टक्क्यांच्या आत लागतो. त्यापुढे कपात होते आणि बारा टक्क्यांपुढे कापूस परत जातो.