वकिलात दिल्लींत, माणसें जरीपटक्यांत

परराष्ट्राची वकिलात कोणत्या शहरांत असावी हा प्रश्न मुत्सद्द्यांचा. बाजारांत बसणाऱ्या सामान्य माणसास त्याच्याशीं काय कर्तव्य, असा आपल्याकडे समज आहे. हा समज किती चुकीचा आहे हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं आपल्याच शहराच्या उत्तरेस जरीपटक्यापर्यंत जावें. तेथें व खामल्यांत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांस आतां पाऊणशें वर्षें होऊन गेलीं. त्या कुटुंबांचें नागपूरकरपण आज कोणी नाकारीत नाहीं. परंतु सिंधांतून येणाऱ्यांचा ओघ १९४७-४८ सालींच आटला नाहीं. पुढेंहि सिंधी हिंदु कुटुंबें आप्तांच्या आश्रयानें नागपुरास येत राहिलीं, आणि हीं मागाहून आलेलीं माणसें पाकिस्तानचा पासपोर्ट व भारताचा दीर्घ मुदतीचा व्हिसा या दोन कागदांवर वर्षानुवर्षें संसार करीत आलीं. त्यांचेविषयीं आज आम्हांस लिहावयाचें आहे.

व्हिसाची मुदत वाढवून घ्यावयाची तर पासपोर्ट चालू पाहिजे. तो संपला तर नवा देणार पाकिस्तान. पुढें यथाकाल भारताचें नागरिकत्व मागावयाचें तर जुनें नागरिकत्व सोडल्याचा दाखला पाहिजे. तोहि देणार पाकिस्तानच. म्हणजे जें राज्य सोडून हीं माणसें निघालीं, त्याच राज्याच्या दारांत त्यांनीं पुन:पुन्हा उभें राहावयाचें, आणि तें दार सबंध देशांत एकच, नव्या दिल्लींतील चाणक्यपुरीचें.

पूर्वीं असें नव्हतें. पाकिस्तानची एक वकिलात, जिला सरकारी भाषेंत वाणिज्य दूतावास म्हणतात, मुंबईंत होती व आपली कराचींत होती. १९९४ सालीं दोन्ही बंद झाल्या. कारणें राजकारणाचीं होतीं व त्यांत आज शिरण्याचें प्रयोजन नाहीं. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. मुंबई आणि कराची यांचें नातें दिल्ली-इस्लामाबादच्या नात्याहून जुनें आहे, आणि वकिलाती त्या दोन शहरांत असण्यांत सोयीचा विचार होता. मुंबई राज्याचे पुढें राज्यपाल झालेले श्रीप्रकाश हे १९४७ सालीं आपले पहिले उच्चायुक्त म्हणून कराचींतच बसत असत, तेव्हां सिंध सोडूं पाहणाऱ्या कुटुंबास आपल्या सरकारचें दार आपल्याच प्रांतांत सांपडत असे. १९९४ नंतर सिंधांतल्या माणसास भारताच्या व्हिसासाठीं इस्लामाबाद गांठावें लागूं लागलें, आणि इकडे आलेल्यास दिल्ली.

एक गोष्ट येथें मोकळेपणानें कबूल केली पाहिजे. आगगाडीनें नागपुराहून दिल्ली सुमारें १,१०० किलोमीटर आहे, तर मुंबई सुमारें ८४०. नुसता मैलांचाच हिशेब केला तर मुंबईची वकिलात आम्हां वैदर्भीयांस कांहीं शेजारची नव्हती. उल्हासनगरच्या सिंध्यास ती हाकेच्या अंतरावर होती. नागपूरकरास दोन्हीकडे रात्रीची गाडी धरावयाचीच होती. मग फरक कोठें पडला? फरक राज्याच्या सीमेंत पडला. २०१६ च्या जुलैंत केंद्र सरकारनें दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या शेजारच्या देशांतील अल्पसंख्याकांस ज्या सवलती दिल्या, त्यांत बँकेचें खातें, पॅन व आधार, वाहन चालविण्याचा परवाना, राहण्यापुरतें घर घेण्याची मुभा या गोष्टी होत्या, आणि ज्या राज्यांत वास्तव्य त्या राज्यांत मोकळेपणीं फिरण्याची मुभाहि होती. मुंबई या राज्यांत आहे, दिल्ली नाहीं. जी खिडकी गांठल्यावांचून कागद मिळत नाहीं, ती नेमकी मोकळ्या संचाराच्या हद्दीबाहेर! एकाच व्यवहाराच्या दोन अटी अशा एकमेकींच्या आड उभ्या केल्या जातात, आणि त्या दोन्ही मांडणाऱ्या कारकुनास त्यांत कांहीं विसंगति दिसत नाहीं.

वकिलाती पुन्हा उघडण्याचा योग एकदां आला होता. २००५ च्या एप्रिलांत डॉ. मनमोहनसिंग व जनरल मुशर्रफ यांच्या संयुक्त निवेदनांत, मुंबई व कराची येथील वकिलाती त्या वर्षाच्या अखेरीपूर्वीं उघडाव्या, असें ठरल्याचें जाहीर झालें. २००६ च्या फेब्रुवारींत मुनाबाव-खोखरापार मार्गानें थर एक्सप्रेस धांवूं लागली. गाडी आली, पण वकिलात आली नाहीं. मुंबईंत पाकिस्तानचा डोळा मलबार हिलवरील जिना हाउसवर होता व तें द्यावयास आपलें सरकार राजी नव्हतें. आपल्या सरकारचा नकार आम्हांस गैर वाटत नाहीं. पण या सर्व घासाघाशींत कुर्ल्यास, ठाण्यास किंवा खुद्द उल्हासनगरांत एखादा साधा मजला भाड्यानें घेऊन काम सुरू करावें, असा आग्रह कोणत्याहि पक्षानें धरला नाहीं. वकिलातीची जागा ठरवितांना समुद्र दिसतो कीं नाहीं हें पाहिलें गेलें. रांगेंत कोण उभें राहणार हें पाहिलें गेलें नाहीं. पुढें २०१९ च्या ऑगस्टांत ती गाडीहि थांबली, आणि २०२५ च्या एप्रिलांत पहलगामच्या हत्याकांडानंतर दोन्ही उच्चायुक्तालयांतील माणसें तीसांवर आणण्याचें ठरलें. तेव्हां मुंबईस वकिलात मागणें आज व्यर्थ आहे, हें आम्ही जाणतों.

ज्यांच्या शब्दास वजन असतें त्यांच्यासाठीं मात्र वकिलाती हलतात. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यांतील सिअ‍ॅटल शहरांत आपले लोक पुष्कळ. त्यांस भारतीय वकिलातीच्या कामासाठीं सुमारें १,३०० किलोमीटर दूरच्या सॅन फ्रॅन्सिस्कोकडे पाहावें लागे. २०२३ सालीं सिअ‍ॅटललाच वकिलात उघडली, आणि २०२५ च्या फेब्रुवारींत लॉस एंजेलिस व बोस्टन यांचीहि घोषणा झाली. हें उत्तमच झालें. आपल्या देशांतहि २०१७ पासून टपाल कचेऱ्यांत पासपोर्टाचीं केंद्रें उघडूं लागलीं. लोक जेथें आहेत तेथें खिडकी न्यावी, हें तत्त्व सरकारास कळत नाहीं असें नाहीं. तें लागू कोणास करावयाचें, एवढाच प्रश्न उरतो.

पाकिस्तानची खिडकी हलवितां येत नसेल, तर त्या खिडकीवर जाण्याची गरज आपण हलवावी, हें आमचें म्हणणें आहे. तें आपल्या हातीं आहे, आणि अर्धेंमुर्धें आपण केलेंहि आहे. २०१६ च्या डिसेंबरांत सात राज्यांतील सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांस नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले. महाराष्ट्रांत मुंबई, पुणें, ठाणें यांबरोबर नागपूरहि त्यांत होतें. नोंदणीची फी हजारोंवरून १०० रुपयांवर आली. त्यानंतर नागपुराच्या सिंधी कुटुंबांस याच शहरांत प्रमाणपत्रें मिळालीं. पुढें मार्च २०२४ मध्यें नागरिकत्व सुधारणा कायद्याचे नियम निघाले. त्यांत ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांचा मुदत संपलेला कागदहि पुराव्यादाखल चालतो, अर्जाची छाननी टपाल खात्याच्या अधीक्षकापुढें होते, आणि अर्ज मंजूर होतांच आपलें जुनें नागरिकत्व कायमचें सुटलें असें अर्जदारानें स्वत: लिहून दिलें म्हणजे पुरतें. त्या कायद्यांतील धर्माच्या अटीविषयीं देशांत तीव्र मतभेद आहेत व ते निकरानें मांडले गेले आहेत; आज आमचा विषय तो नव्हे. आम्ही फक्त एवढेंच दाखवितों कीं, परराज्याच्या दाखल्यावांचून, माणसाच्या स्वत:च्या प्रतिज्ञेवर नागरिकत्व देतां येतें, हें खुद्द आपल्याच सरकारनें लेखी मान्य केलें आहे.

मग त्या तारखेनंतर आलेल्यांनीं काय करावें? त्यांच्यापुढें जुनीच वाट, आणि त्या वाटेवर जुनाच दाखला. ती वाट कशी बंद पडते हें केरळच्या एका खटल्यांत सर्वांस दिसलें. दोन मुलींनीं पाकिस्तानी पासपोर्ट २०१७ सालींच उच्चायुक्तालयांत परत केले. पण एकवीस वर्षांखालील माणसास नागरिकत्व सोडतां येत नाहीं असा पाकिस्तानचा कायदा, म्हणून दाखला मिळाला नाहीं. एका न्यायमूर्तींनीं दाखल्यावांचून काम करावें असें सांगितलें, तर ऑगस्ट २०२५ मध्यें खंडपीठानें तो निकाल फिरविला. न्यायालयानें कायद्याचें अक्षर पाळलें, त्यास आम्ही दोष देत नाहीं. अक्षर बदलणें हें सरकारचें काम आहे.

पाकिस्तानी नागरिक म्हटला कीं राष्ट्राच्या सुरक्षिततेचा प्रश्न आलाच, असें कोणी म्हणेल. प्रश्न खरा आहे. परंतु अशा माणसाचें नांव व पत्ता पोलिसांच्या परकीय नोंदणींत आधींच असतो. चौकशी करावयाची ती आपल्या पोलिसांनीं आणि आपल्या गुप्तवार्ता खात्यानें हवी तेवढी कसून करावी. ज्या राज्याविषयीं आपल्या मनांत संशय, त्याच राज्याच्या कारकुनाच्या सहीवर आपला नागरिक कोण हें ठरूं द्यावें, ही कोणत्या प्रकारची सावधगिरी? आणि ही सही मिळेपर्यंत जो अधांतरीं राहतो तो कांहीं शत्रूचा हेर नसतो. तो इतवारींत कोणाच्या तरी दुकानांत मापें घेतो, मजुरी कमी पडली तरी बोलत नाहीं, मुलाच्या कॉलेजाच्या अर्जांतील राष्ट्रीयत्वाचा रकाना भरतांना थबकतो. हा नियम एकट्या सिंध्यांपुरता बदलावा असेंहि आम्ही म्हणत नाहीं. सिंधांतून किंवा पंजाबांतून लग्न होऊन इकडे आलेल्या मुसलमान सुनेसहि तोच दाखला लागतो व तीच दिल्ली दिसते.

नागपुराच्या व्यापारी मंडळांस व सिंधी पंचायतींस आमची विनंति आहे कीं, हा विषय त्यांनीं आपल्या खासदार-आमदारांकडे निवेदनांच्या फुलांबरोबर नव्हे, तर नेमक्या मागणीनें न्यावा. २०२४ च्या नियमांतील प्रतिज्ञापत्राची तरतूद सर्व अर्जदारांस लागू करावी. पासपोर्ट जमा करून घेण्याचें काम जिल्हाधिकारी कचेरीकडे द्यावें. आणि पासपोर्टाची मुदत संपली म्हणून कोणाचा व्हिसा अडवूं नये. नव्या नागरिकास निष्ठेची शपथ देण्याचा अधिकार २०१६ च्या सवलतींत जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखालील अधिकाऱ्यांसहि देण्यांत आला होता. त्यांच्यापैकीं एखाद्यानें महिन्यांतून एक दिवस सिव्हिल लाइन्सची कचेरी सोडून जरीपटक्यांतील एखाद्या शाळेच्या वर्गांत टेबल मांडावें. खुर्च्या व पंखा वसाहतीचे लोक आनंदानें देतील.