कॅनडाचं कौतुक पुरे, नवी मुंबईचा हिशोब मागा!

कॅनडाची लोकशाही किती पुढारलेली, हे आम्हाला सारखं ऐकवलं जातं. मग हेही ऐका. तिथल्या १८६७ च्या घटनेने महापालिका प्रांत सरकारच्या हाती सोपवल्या. २०१८ मध्ये ऐन निवडणुकीच्या धामधुमीत ओंटारिओ सरकारने टोरांटोचे ४७ प्रभाग थेट २५ वर आणले. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते वैधही ठरवलं. पण निवडणूक? ती ठरलेल्या महिन्यात, ऑक्टोबरमध्येच झाली.

आपली घटना याबाबतीत कितीतरी भक्कम आहे. ७४ व्या दुरुस्तीने महापालिकांना घटनात्मक संरक्षण दिलं. कलम २४३-यू सांगतं, मुदत पाच वर्षं आणि ती संपण्याआधी निवडणूक. कलम २४३-टी अनुसूचित जाती-जमाती आणि स्त्रियांना राखीव जागा देतं.

आणि नवी मुंबईत काय झालं? मे २०२० मध्ये मुदत संपली, प्रशासक बसला. निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये! आधी कोरोना, मग प्रभागरचना, मग ओबीसी आरक्षणाचा खटला. कारणं बदलली, प्रशासकराज तसंच राहिलं. एक अख्खी टर्म गेली. त्या टर्ममधल्या आमच्या राखीव जागा कोण परत देणार? प्रशासकाला बदलीची भीती असते, वस्तीतल्या मतदाराची नसते.

मित्रांनो, घटनेत लिहिलेला हक्क पहारा दिला तरच टिकतो. नगरसेवक आले म्हणून झोपू नका. प्रभागाचा खर्च विचारा. आणि पुढची मुदत संपायच्या सहा महिने आधीच निवडणुकीची तारीख मागायला रस्त्यावर उतरा.

जय भीम! जय संविधान!