खर्जाच्या गळ्याने जावे कोठे?

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात गिटार घेऊन उभ्या राहणाऱ्या मुलांचे आईबाप एक तक्रार हमखास करतात. मुलगा घरात एखादे भावगीत गुणगुणू लागला तर शेजारीपाजारीसुद्धा दार उघडे ठेवून ऐकतात; पण तोच मुलगा रॉक गाऊ लागला की मानेच्या शिरा फुगतात, चेहरा लालबुंद होतो आणि दुसऱ्या दिवशी घसा बसतो. मुलाला वाटते, आपला आवाजच कुचकामाचा. आईला वाटते, थंड पाणी बाधले. दोघांचेही निदान चुकलेले असते. आवाज चांगला असतो, पाणीही निर्दोष असते. चुकलेली असते ती भूमिकेची निवड.

पाश्चात्त्य संगीतात पुरुषांच्या आवाजाच्या ढोबळ मानाने तीन जाती. चढा तो टेनर, अगदी खालचा तो बास आणि या दोहोंमधला बॅरिटोन. बहुतेक पुरुषांचे गळे या मधल्या जातीतच मोडतात. म्हणजे बॅरिटोन हा काही दुर्मिळ प्राणी नव्हे. आपल्या शेजारचे अप्पा आणि समोरचे नाना, दोघेही बहुधा बॅरिटोनच! आणि एके काळी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर राज्यही याच आवाजाचे होते. १९४३ सालच्या ‘ओक्लाहोमा’चा नायक बॅरिटोन, १९४५ सालच्या ‘कॅरोसेल’चा नायक बॅरिटोन. १९४९ साली ‘साउथ पॅसिफिक’च्या नायकासाठी तर थेट ऑपेरातला बास गायक एझिओ पिंझा आणला गेला. भारदस्त आवाज म्हणजे भारदस्त पुरुष, असा तेव्हाचा सरळ हिशेब होता.

१९६८ साली ‘हेअर’ ही संगीतिका ब्रॉडवेवर आली आणि तिच्याबरोबर रॉक आले. तेव्हापासून नायकाचा आवाज वर सरकू लागला. याला कारण निव्वळ फॅशन नव्हे. बॅरिटोनचा आवाज साधारणपणे सेकंदाला ११० ते ४०० कंपनांच्या टापूत वावरतो. गिटारच्या सहा मोकळ्या तारा ८२ पासून ३३० कंपनांपर्यंत वाजतात. म्हणजे दोघांची गल्ली एकच. एका गल्लीत दोन वराती समोरासमोर आल्या, तर ज्याचा बँड मोठा त्याची सरशी. विजेच्या गिटारपुढे आणि ड्रमपुढे खालचा गळा दडपतो. टेनर मात्र गच्चीवरून ओरडणाऱ्या माणसासारखा सगळ्यांच्या वरून ऐकू जातो. ध्वनिवर्धक नव्हता त्या काळी आपल्या संगीत रंगभूमीवरही चढ्या पट्टीच्या गळ्याचे मोल मोठे होते, ते शेवटच्या रांगेतल्या रसिकासाठी. तिकडे ध्वनिवर्धक असूनही तीच पाळी आली, एवढाच फरक.

दुसरे कारण मनाचे आहे. ताणलेला आवाज ऐकला की श्रोत्याला वाटते, हा माणूस जिवाच्या आकांताने बोलतो आहे. ‘फोर टॉप्स’ या अमेरिकन गायकसंचाचा प्रमुख लिव्हाय स्टब्ज हा जातीचा बॅरिटोन. पण त्याची गाणी मुद्दाम चढ्या पट्टीत बांधली जात, ती या आर्ततेसाठीच. पुढे १९८६ साली ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’च्या चित्रपटात याच स्टब्जने आवाज दिला तो कोणाला? तर माणसे खाणाऱ्या एका कुंडीतल्या झाडाला! नायक टेनर आणि झाड बॅरिटोन. रॉक संगीतिकेतली वाटणी कशी असते, ते यावरून ध्यानात यावे.

मग बॅरिटोनने काय करावे? गळा ताणून टेनर व्हावे, की कुंडीत जाऊन बसावे? सुदैवाने तिसरा मार्ग आहे, आणि तो फार चांगला आहे. रॉक संगीतिकेतला टेनर बहुधा बंड करतो, आक्रोश करतो. पण ज्याला निर्णय घ्यावा लागतो, ज्याच्या मनात दोन पारडी वरखाली होत असतात, ज्याला दुःख गिळून उभे राहावे लागते, अशी माणसे पुष्कळदा खालच्या गळ्याला दिलेली असतात.

‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ घ्या. ती १९७० साली ध्वनिमुद्रिका म्हणून निघाली आणि १९७१ साली ब्रॉडवेवर आली. तिच्यातला येशू टेनर, यहूदाही टेनर. मुंबईत ॲलेक पदमसी यांनी सत्तरीच्या दशकात ती बसवली, तेव्हा यहूदाची भूमिका आपल्या आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे यांनी गायिली होती. मात्र रोमन सुभेदार पिलात हा बॅरिटोन. आधी तो आपले स्वप्न अगदी हळुवार सांगतो. पुढे न्यायासनावर बसून प्रश्न विचारता विचारता त्याचा आवाज चढत जातो आणि शेवटी तो हात धुऊन मोकळा होतो. एका नटाला आणखी काय हवे? बॅरी डेनन यांनी हा पिलात ध्वनिमुद्रिकेत, ब्रॉडवेवर आणि १९७३ च्या चित्रपटात, असा तिन्ही ठिकाणी गायिला. मुख्य याजक कयफा तर थेट बास; त्याचा खर्ज लागला की प्रेक्षागृह चिडीचूप होते.

‘चेस’ ही संगीतिका १९८६ साली लंडनला रंगभूमीवर आली. बुद्धिबळ आपल्याकडचे, संगीत ‘ॲबा’ संचातल्या दोघा स्वीडिश संगीतकारांचे. तिच्यातला तापट अमेरिकन खेळाडू टेनर. आणि देश सोडून पळालेला, तरीही देश मनातून न गेलेला रशियन खेळाडू बॅरिटोन. पहिल्या अंकाचा पडदा त्याच्याच गाण्यावर पडतो. हा नायकच आहे, बरे का!

आणि ‘रेंट’. तिचा कर्ता जोनाथन लार्सन २५ जानेवारी १९९६ रोजी, पहिल्या प्रयोगाच्या आदल्या रात्री, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी वारला. पुढे ब्रॉडवेवर तिचे ५,१२३ प्रयोग झाले. त्यात कॉलिन्स नावाचा तत्त्वज्ञानाचा शिक्षक आहे. एड्सने त्याचे प्रेमाचे माणूस जाते. पूर्वी दोघांनी मिळून आनंदात म्हटलेले गाणे अंत्यविधीच्या वेळी तो एकटा, संथपणे म्हणतो. ते बॅरिटोनचे गाणे आहे. कर्कश टिपेपेक्षा भरल्या गळ्यातला खर्ज काळजाला अधिक भिडतो, हे तेथे पटते.

हलक्याफुलक्या भूमिकाही आहेत. १९७३ सालच्या ‘रॉकी हॉरर शो’मधला टिम करी यांचा नाठाळ शास्त्रज्ञ आठवावा. ‘मिलियन डॉलर क्वार्टेट’मध्ये तर जॉनी कॅश याचीच भूमिका आहे आणि ती खालच्या गळ्यावाचून उभीच राहत नाही.

भूमिका निवडताना एक गोष्ट पाहावी. गाण्यातला सर्वांत वरचा सूर कोणता, हे सगळेच विचारतात. पण गाण्याचा मुक्काम कोठे आहे, हे विचारायला हवे. एखाद्या वेळी गच्चीवर जाऊन वाळवण घालणे वेगळे आणि गच्चीवरच संसार थाटणे वेगळे. ब्रॉडवेवर आठवड्याला आठ प्रयोग असतात. ज्या गळ्याला वर राहायची सवय नाही, त्याने तेथे बिऱ्हाड केले तर स्वरतंतू सुजतात, त्यांवर गाठी येतात आणि पुढे बोलण्याचाही आवाज जातो. पट्टी उतरवून घ्यावी म्हटले, तर प्रयोगाचे हक्क ज्यांच्याकडे असतात त्यांची परवानगी लागते. तिकडे आता ‘बॅरिटेनर’ असा एक जोडशब्द निघाला आहे. खाली घट्ट आणि वर टेनरइतका मोकळा, असा त्याचा अर्थ. ज्याला तो निसर्गाने आणि रियाजाने साधला, त्याने खुशाल मिरवावा. ज्याला साधला नाही, त्याने येशूच्या रांगेत वर्षानुवर्षे ताटकळण्यापेक्षा पिलात होऊन दाखवावे.

तेव्हा घरातल्या मुलाचा घसा वरचेवर बसत असेल, तर चार दिवस मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगाच. पण त्याबरोबर ‘चेस’ नाहीतर ‘रेंट’ त्याच्या हाती ठेवा. आपल्या पट्टीतही मोठी माणसे राहतात, हे त्याला वेळेवर कळले म्हणजे झाले.