जिन्न हिरव्या दिव्यात राहत नाही

आपल्या हिंदी भयपटांत जिन्न आला की ठरलेला सरंजाम येतो: हिरवा उजेड, लोबानचा धूर, तावीज आणि मागे घुमणाऱ्या अरबी आयती. ज्या आयती म्हणून आमच्या आया लेकरांवर फुंकर घालतात, त्यांचेच भीतीचे पार्श्वसंगीत! वर याला म्हणायचे ‘वातावरणनिर्मिती’.

याउलट बाबक अन्वरी यांचा ‘अंडर द शॅडो’ (२०१६) पाहा. इराण-इराक युद्धातले तेहरान. न फुटलेले क्षेपणास्त्र इमारतीत घुसते, छताला तडा जातो. त्या तड्याकडे आपण पाहतच राहतो. जिन्न दिसतो तो फडफडत्या चादोरीसारखा. घाबरलेली शिदेह मुलीला घेऊन रस्त्यावर पळते, तर डोके झाकले नाही म्हणून तिलाच पकडतात. भ्यायचे कुणाला, घरातल्याला की बाहेरच्यांना? हा प्रश्न सुटत नाही, म्हणून उत्कंठा टिकते.

आमच्यावर भयपट काढू नका, असे मी म्हणत नाही. जरूर काढा. पण सूरह अल-जिन्नमध्ये कुरआन ऐकून ईमान आणणारे जिन्नही आहेत, एवढे तरी आधी वाचा. श्रद्धा कळली, की भीतीसाठी एक चादरही पुरते. न कळली, तर ट्रकभर धूरही कमीच पडतो.