नव्या माणसाचा पहिला महिना

कफ परेडच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी, बॅकबेच्या काठावर मच्छीमार नगर वसले आहे. 2008 च्या नोव्हेंबरातील हल्लेखोर याच किनाऱ्यावर उतरले, म्हणून हे नाव देशभर झाले. एरवी ती कष्टकऱ्यांची वस्ती. जून-जुलैतील मासेमारीबंदी संपली, नारळी पौर्णिमा जवळ आली, की येथील नौका पुन्हा दर्यात जाण्यास सज्ज होतात आणि त्यांबरोबर काही नवे खलाशीही येतात. मुंबईच्या किनाऱ्यावर आता अनेक खलाशी परप्रांतांतून आलेले असतात. काहींनी त्यापूर्वी समुद्र पाहिलेलाही नसतो.

या वाचकवर्गाचा मासळीच्या व्यवसायाशी संबंध नाही, हे खरे. परंतु गावाकडून आलेला, अठरा-वीस वर्षांचा, मालकापुढे मान खाली घालून उभा राहणारा मुलगा प्रत्येक पेढीवर, गोदामात आणि कारखान्यात असतो. त्याच्यावरील संकट कसे येते, हे नौकेवर अधिक स्पष्ट दिसते.

नौकेच्या पोटात बर्फ आणि मासळी साठविण्याचा बंद कप्पा असतो. तेथे सेंद्रिय पदार्थ कुजू लागले की हवेतील प्राणवायू खर्ची पडतो आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू साचतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो. थोड्या प्रमाणात त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढले की तो घ्राणशक्तीच बधिर करतो. म्हणजे धोका वाढतो तेव्हाच त्याची खूण नाहीशी होते! 2023 मध्ये भाऊच्या धक्क्यावर एका नौकेच्या अशाच कप्प्यात उतरलेल्यांपैकी दोघांचा मृत्यू झाला आणि इतरांना रुग्णालयात न्यावे लागले. अशा अपघातांत पहिला माणूस कोसळतो, त्याला वर काढण्यासाठी दुसरा उतरतो, मग तिसरा. जीव जातो तो पुष्कळदा मदतीला धावलेल्याचा.

हे केवळ नौकेवर घडते असेही नाही. मार्च 2025 मध्ये नागपाड्यात बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीची भूमिगत पाण्याची टाकी साफ करताना चार मजूर गुदमरून मरण पावले. त्यांतील दोघे विशीच्या उंबरठ्यावरचे होते. पाण्याच्या टाकीत कसले विष असणार, असे सामान्य माणसाला वाटते. दीर्घकाळ बंद राहिलेल्या टाकीत प्राणवायूच पुरेसा नसतो, आणि त्याचा अभाव डोळ्यांना दिसत नाही. झाकणे आधीच उघडून पंख्याने हवा खेळवणे, उपकरणाने हवा तपासणे, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून बाहेर एक जाणता माणूस उभा ठेवणे आणि काही झाल्यास श्वसनाच्या साधनांशिवाय कोणालाही आत न सोडणे, एवढे सारे त्यासाठी लागते. सोसायटीच्या टाकीचे काम ठेकेदाराला देताना समिती दर विचारते, हे मात्र क्वचितच विचारते.

नवा माणूसच का सापडतो? टोरोंटो येथील 'इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ' या संस्थेच्या संशोधनानुसार, कामावरच्या पहिल्या महिन्यात जायबंदी होण्याचा धोका वर्षाहून अधिक मुरलेल्या कामगाराच्या तिपटीहून अधिक असतो. त्यात वय लहान असो वा मोठे, नवखेपण हेच मुख्य कारण. दोरखंडाच्या वेटोळ्यात पाय ठेवू नये, हे जुन्या खलाशाला सांगावे लागत नाही. नव्याला कोणी सांगितलेलेच नसते. आणि तो विचारीतही नाही. विचारले तर 'याला काही येत नाही' असे होईल, कदाचित उद्या येऊ नको म्हणतील, ही धास्ती. जो मुलगा कशालाही 'हो शेठ' म्हणतो, त्याला पेढीवर गुणी समजतात. सुरक्षेच्या दृष्टीने तोच सर्वांत अधिक काळजीचा.

पेढीवरच्या गोष्टी साध्या असतात: माळ्यावर टेकवलेली निसटती शिडी, दार नीट न लागणारी मालवाहू लिफ्ट, एकाच प्लगवर लादलेली चार यंत्रे, रात्री बाहेरून कुलूप लावलेले शटर. 18 डिसेंबर 2017 च्या पहाटे साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणाच्या कारखान्यास आग लागली आणि 12 कामगार गेले. पोटमाळ्यावर झोपणाऱ्यांना खाली येता आले नाही. राहण्याची सोय म्हणून मालक माळा देतो, त्यात दयाबुद्धीही असते. पण उतरण्याची दुसरी वाट नसलेला माळा ही सोय नव्हे. चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवता येत नाही आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलास धोकादायक कामावर, हे 2016 च्या दुरुस्तीपासून स्पष्ट आहे. तरीही 'नातेवाइकाचा मुलगा, शिकतोय' या सबबीखाली वय विचारले जात नाही.

आता हिशेबाचे. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याचे सूत्र असे होते: मृत्यू झाल्यास मासिक वेतनाचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक. वीस वर्षांच्या मुलासाठी गुणांक 224 आणि वेतनाची धरावयाची कमाल मर्यादा 15,000 रुपये होती. म्हणजे 7,500 गुणिले 224, एकूण 16,80,000 रुपये. रक्कम देय झाल्यापासून महिन्याच्या आत न दिल्यास 12 टक्के व्याज, आणि विलंबास सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड, अशी त्यात तरतूद होती. मालकवर्गात एक गैरसमज रूढ आहे, की मुलाने सांगितलेले ऐकले नाही म्हटले की जबाबदारी टळते. किरकोळ दुखापतीत हा बचाव काही वेळा चालतो. मृत्यू अथवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले, तर कायद्याने तो मुळीच उपलब्ध नाही.

विम्याचा हप्ता या रकमेच्या मानाने अल्प असतो, पण पॉलिसी काढताना कामगारांची खरी संख्या आणि खरे वेतन लिहावे लागते; कमी दाखवले तर दाव्याच्या वेळी तेच आडवे येते. नव्या मुलाचे नाव हजेरीपुस्तकात पहिल्याच दिवशी चढले पाहिजे. 'महिनाभर बघू, टिकला तर लिहू' ही पद्धत बाजारात सर्रास आहे, आणि तो न लिहिलेला महिनाच नेमका पहिला महिना असतो.