घ्या, नाहीतर घेऊ नका. पण थांबू नका!

शनिवारची सकाळ, ऑफिसचा लॅपटॉप बंद, चहा गरम. म्हणजे आज कोणाशी तरी भांडायला हरकत नाही. :-) आजचं गिऱ्हाईक: "पुढचं ग्राफिक्स कार्ड येतंय, तोवर थांब" असं छातीठोकपणे सांगणारी समस्त मंडळी.

तुमच्याही ऑफिसात असा एक असतोच. पुढच्या पिढीच्या कार्डात मेमरी किती, वेग किती टक्क्यांनी जास्त, सगळं त्याला तोंडपाठ. कार्ड अजून कंपनीनेसुद्धा जाहीर केलेलं नाही, पण याला किंमत ठाऊक! ऐकायला मजा येते, मलाही येते. भांडण मजेशी नाहीच. भांडण याच्याशी आहे की आपण पुण्या-मुंबईत चहाबरोबर मारलेल्या या गप्पा गावाकडे "सल्ला" म्हणून पोचतात. तिकडे त्या सल्ल्यावर कोणीतरी खरोखर थांबतं.

माझा भाचा असाच थांबलाय. चांदूर बाजारला राहतो, कॉलेजला अमरावतीला जातो. ब्लेंडर आणि अनरियल इंजिन शिकून त्याला गेम बनवायचेत (आणि खेळायचेत, ते ओघाने आलंच). २०२४ च्या आंबिया बहाराच्या संत्र्याच्या पैशातून ताईने कॉम्प्युटरसाठी सत्तर हजार बाजूला काढून ठेवले. तेव्हापासून दर महिन्याला फोन: "मामा, थांबू का अजून? नवीन येऊन राहिलं म्हणतेत." आधी ५०००ची मालिका यायची म्हणून थांबला. मग त्यातलं स्वस्त कार्ड यायचं म्हणून. मग "सुपर" यायचं म्हणून. जानेवारी २०२६ च्या सीईएस प्रदर्शनात एनव्हिडियाने गेमिंगसाठी एकही नवं कार्ड जाहीर केलं नाही. पोट्टा थांबलाय, त्याचं कॉलेज काही थांबलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, थांबलं की चांगलं आणि स्वस्त मिळतं, हा तर कॉम्प्युटरचा नियमच आहे. होता! २०१४ मध्ये जीटीएक्स ९७० आलं ३२९ डॉलरला, आणि आदल्या वर्षीच्या ६९९ डॉलरच्या ७८० टीआयच्या तोडीला तोड चाललं. तेव्हा "थांब" म्हणणारा शहाणा होता. आता हा हिशोब बघा. २०२३ मध्ये आरटीएक्स ४०६०: ८ जीबी मेमरी, २९९ डॉलर, ११५ वॉट. दोन वर्षं थांबून, २०२५ मध्ये ५०६०: तीच ८ जीबी मेमरी, तेच २९९ डॉलर, आणि वीज १४५ वॉट. वेग थोडा वाढला, नाही म्हणत नाही. पण एएमडीने ८ जीबीचं आरएक्स ४८० अडीचशे डॉलरच्या आत २०१६ मध्येच विकलं होतं! शिवाय आपण डॉलरमध्ये कुठे कमावतो? २०२३ च्या मध्याला डॉलर ८२ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. म्हणजे तेच २९९ डॉलर साडेचोवीस हजारांचे जवळजवळ सत्तावीस हजार झाले. वर १८ टक्के जीएसटी आहेच.

असं का झालं? कारण गेम खेळणारा आता मोठं गिऱ्हाईक राहिलेला नाही. जानेवारी २०२२ ला संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाची सर्वात जास्त कमाई गेमिंगमधून होती, साडेबारा अब्ज डॉलर. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात एकूण कमाई झाली १३० अब्ज, त्यातले ११५ अब्ज डेटा सेंटरचे. गेमिंग ११ अब्जांवरच. मेमरीचंही तेच. ती बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या यंत्रांसाठी लागणारी महागडी मेमरी त्यांच्या त्याच कारखान्यांतून निघते. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर आपला क्रूशियल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा बाजारात "पुढच्या वर्षी स्वस्त होईल" हे कोणत्या भरवशावर सांगता हो?

बरं, अफवा सोडा, जाहीर झालेलंही खरं धरता येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये १२ जीबीचं आरटीएक्स ४०८० थाटामाटात जाहीर झालं आणि पुढच्याच महिन्यात मागे घेतलं गेलं. जानेवारी २०२३ मध्ये तेच ४०७० टीआय या नावाने शंभर डॉलरने स्वस्त होऊन आलं. जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की ५४९ डॉलरचं ५०७० म्हणजे जुन्या ४०९० इतका वेग. कसा? तर एआयने मधल्यामध्ये रचलेल्या फ्रेम मोजून! त्या वगळल्या तर ते ४०७० सुपरच्या आसपासच निघालं. खुद्द कंपनीच्या बोलण्याला इतकी चाळणी लावावी लागते, तिथे कँटीनमधल्या अंदाजाची काय कथा.

आमच्या वऱ्हाडाला हा खेळ नवा नाही. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात "पुन्हा जाईल, थांबा" अशी हवा झाली. लोकांनी घरात, ओसरीवर कापूस भरून ठेवला. अंगाला खाज सुटली, भाव काही आला नाही. उलट उतरत गेला. थांबायला सांगणाऱ्यांपैकी एकाच्याही घरात खाज सुटली नव्हती!

आणि आपल्या गप्पांत कधीच न येणारी गोष्ट म्हणजे ऊन. सगळे आकडे एसीतल्या खोलीतले. आरटीएक्स ५०९० ला ५७५ वॉट लागतात, कंपनीच १००० वॉटचा पॉवर सप्लाय घ्या म्हणते. पूर्ण कॉम्प्युटर धरला तर ही दोन नळ्यांची शेगडी झाली. मे महिन्यात आमच्याकडे बाहेर ४४-४५ अंश, कूलर लावून खोलीत ३५ झाले तरी सुख. कार्डाचा पंखा खोलीतल्या हवेनेच कार्ड थंड करतो. खोली दहा अंशांनी तापली की कार्डही साधारण तेवढंच जास्त तापतं, आणि मर्यादेला टेकलं की स्वतःच वेग कमी करतं. म्हणजे जास्तीचे पैसे मोजून घेतलेला वेग ऐन सुट्टीत गायब. त्यात लाईन गेली तर? घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॉट देतो. तेव्हा चांदूर बाजारात कार्ड निवडताना पहिला प्रश्न "किती फ्रेम" हा नाही, "किती वॉट" हा आहे. दुसरा, मेमरी किती. तिसरा, आज दुकानात रुपये किती. पुढच्या वर्षी काय येणार, हा प्रश्नच नाही.

"पण गेम बनवायचे तर ताकदवान मशीन नको का?" हो, थोडी ताकद हवीच. पण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा "राजी" आठवा. तो २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला, आणि त्या स्विचमधली टेग्रा एक्स१ चिप एनव्हिडियाचीच, २०१५ ची. राजस्थानी महाल, बाहुल्यांचा खेळ, सगळं हातात मावणाऱ्या यंत्रावर चाललं. ते लोक ५७५ वॉटची वाट बघत बसले असते तर आज सांगायला "राजी" नसता.

तर थोडक्यात काय, माझा नियम साधा आहे. जे करायचंय ते आजच्या मशीनवर होत असेल, तर नवीन घेऊ नका. होत नसेल आणि पैसे हातात असतील, तर आज जे मिळतं त्यातलं कमी वॉटचं, शक्यतो १२ किंवा १६ जीबीचं घ्या आणि कामाला लागा. थांबणं हा तिसरा पर्याय नाहीच. कार्ड दर दोन वर्षांनी नवं येतं, विसावं वर्ष एकदाच येतं.

आणि मंडळी, सोमवारी कँटीनमध्ये पुढच्या कार्डाच्या गप्पा जरूर मारा, मीही येतो. फक्त गावाकडून फोन आला की त्या गप्पा तिकडे ढकलू नका. बजेट विचारा, वॉट विचारा, आणि सरळ सांगा: घे, किंवा घेऊ नको.