पडद्यावरचा आकडा आणि आपला पाय

सीबीडी बेलापूरला कोकण भवनासमोर पाच मिनिटे उभे राहिले, तर हिरव्या पाटीच्या चार-सहा गाड्या सहज नजरेस पडतात. पाटीवरील अक्षरे पांढरी असली तर गाडी घरची, पिवळी असली तर भाड्याची. आता पिवळ्या अक्षरांच्या गाडीकडे आपल्या वस्त्यांमधील तरुणांचे विशेष लक्ष आहे आणि त्याचे कारण उघड आहे. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि 25 डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. तेव्हा "विमानतळाची ड्युटी" करावी म्हणून मुले विजेवर चालणारी गाडी घेण्याच्या खटपटीत आहेत. पतपेढीचे कर्ज, आईचे दागिने, वडिलांच्या फंडाचे पैसे असे सारे गोळा करून हा व्यवहार होतो. म्हणूनच या खेपेस सदरात गाडीविषयी लिहीत आहे.

मी पेशाने कारकून. इंजिन-मोटारीतला मी जाणकार नव्हे. परंतु कर्जाचे अर्ज भरून घेण्यासाठी मुले माझ्याकडे येतात आणि अर्जासोबत महिन्याच्या जमाखर्चाचा एक कागद असतो. त्यात बहुधा "एका चार्जिंगमध्ये 312 किलोमीटर" असा किंवा याहून मोठा एखादा आकडा माहितीपत्रकातून जसाच्या तसा उतरवलेला असतो. मग दिवसाच्या फेऱ्या, विजेचा खर्च, बँकेचा हप्ता हे सगळे त्या एका आकड्याच्या आधारावर उभे! "काका, कंपनीनेच छापलंय की," असे मुले म्हणतात. कंपनीने छापले आहे हे खरे. पण कोणत्या परिस्थितीत मोजून छापले, ते पाहायला हवे.

हे 312 आले कोठून? टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी 2020 मध्ये बाजारात आली. तिच्या बॅटरीत 30.2 युनिट वीज मावते. आपल्या घरच्या बिलात जे युनिट असते, तेच हे युनिट. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने, म्हणजे एआरएआयने, प्रमाणित केलेला तिचा पल्ला 312 किलोमीटर होता. अशी चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर चढवतात आणि आखून दिलेल्या वेगाने चालवतात. त्यात सरासरी वेग ताशी 32 किलोमीटरच्या आसपास असतो आणि जास्तीत जास्त वेग 90. एसी बंद. सगळ्या कंपन्यांच्या गाड्या एकाच मापाने मोजता याव्यात, यासाठी ही पद्धत आहे आणि तेवढ्यापुरती ती योग्यच आहे. मात्र मे महिन्यात भर दुपारी चार प्रवासी आणि त्यांच्या बॅगा घेऊन सायन-पनवेल महामार्गावरून जाणाऱ्या गाडीशी तिचा संबंध थोडाच.

या आकड्यावरून भांडण सरकारदरबारी गेले होते. पल्ला जाहीर केल्याइतका मिळत नाही अशा ग्राहकाच्या तक्रारीवरून दिल्ली सरकारने मार्च 2021 मध्ये या गाडीवरील अनुदान थांबवले. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि त्या आदेशाला स्थगिती मिळाली. पुढे 2024 पासून टाटांनी प्रमाणित आकड्यासोबत दुसरा आकडा सांगावयास सुरुवात केली: शंभरातील पंचाहत्तर ग्राहकांना प्रत्यक्ष रस्त्यावर मिळेल असा पल्ला. 45 युनिटांच्या नेक्सॉनचा प्रमाणित पल्ला 489, आणि हा दुसरा आकडा 350 ते 370. एकाच गाडीच्या दोन आकड्यांत सव्वाशेच्या आसपास किलोमीटरचा फरक आहे आणि तो कंपनीनेच सांगितलेला आहे. माझ्या मते ग्राहकाने विचारावयाचा आकडा हा दुसरा.

आता गाडीच्या पडद्यावर जो आकडा दिसतो, तो तिसराच. सकाळी पूर्ण चार्ज केल्यावर कधी 210 दाखवतो, कधी 180. नवा मालक घाबरतो आणि बॅटरी बिघडली म्हणून सर्व्हिस सेंटर गाठतो. बिघडलेले काही नसते. गाडी फक्त अंदाज सांगते. आमच्या कार्यालयात पुढील वर्षाचे अंदाजपत्रक मागील वर्षाच्या खर्चावरून करतात, तसेच गाडी करते. मागील काही किलोमीटरांत एका किलोमीटरला किती वीज लागली ते पाहते आणि उरलेल्या विजेला त्याने भागते. काल तुम्ही सेक्टरमधल्या सेक्टरमध्ये सावकाश फिरलात, तर आज आकडा मोठा दिसेल. काल पुण्याहून सुसाट आलात, तर लहान. म्हणजे पडद्यावर जे दिसते, ते चालकाच्या पायाचे कालचे वर्तन होय. पुढे घाट आहे की सपाट रस्ता, हे बऱ्याच गाड्यांच्या गणितात नसते.

घरातील भगिनींना हे लगेच पटेल. "सिलिंडर किती दिवस जातो?" याचे उत्तर कोणती गॅस कंपनी छापते काय? गॅस 14.2 किलोच असतो. एका घरी तो सव्वा महिना जातो, शेजारी पंचवीस दिवसांत संपतो.

तर पाय काय काय करतो ते पाहू. सर्वांत महाग गोष्ट म्हणजे वेग. गाडी हवेला ढकलत पुढे जाते आणि हवेचा हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग 60 वरून 100 वर नेला, तर विरोध पावणेतीन पट होतो. चाकांच्या घर्षणाचा वाटा मात्र फारसा वाढत नाही, म्हणून एकूण खर्च पावणेतीन पट होत नाही. तरीही नेक्सॉनच्या आकाराची गाडी ताशी 60 ने एकसारखी चालवली, तर युनिटला आठ-साडेआठ किलोमीटर देते. 80 ला सातच्या जवळ येते आणि 100 ला साडेपाचच्या आसपास. हा माझा ढोबळ हिशेब आहे, गाडीगणिक थोडा बदलेल. पेट्रोलच्या गाडीची सवय असलेल्याला हे उलटे वाटते, कारण ती शहराच्या गर्दीत जास्त पिते आणि हायवेवर कमी. विजेच्या गाडीला गर्दी तितकीशी बाधत नाही. तिला वेग बाधतो.

दुसरी गोष्ट, ब्रेक. पाम बीच रोडवर संध्याकाळी पाहा. सिग्नल सुटला की काही महाशय गाडी बाणासारखी सोडतात आणि पुढच्या सिग्नलला कचकन ब्रेक दाबतात. विजेच्या गाडीत उतारावर किंवा वेग कमी करताना मोटारच जनित्र बनते आणि थोडी वीज बॅटरीत परत भरते. यामुळे "ब्रेक मारला तरी वीज परत मिळते" असा समज पसरला आहे. मिळते, पण सगळी नाही. रुपया खर्चून साठ-सत्तर पैसे परत यावेत, तसा हा प्रकार. त्यापेक्षा तो रुपया न खर्चणे केव्हाही बरे. आपले लोकलचे मोटरमन हेच करतात. जुईनगर सोडून लोकल नेरूळकडे निघाली की काही वेळाने मोटारीचा आवाज बंद होतो आणि गाडी मिळालेल्या गतीवर घरंगळत जाते. ब्रेक अगदी शेवटी लागतो. 2007 पासून मुंबईत आलेल्या सीमेन्सच्या लोकलही ब्रेक लावताना वीज तारेत परत सोडतात, तरीही मोटरमन आधी गती वापरून घेतो. पुढचा सिग्नल लाल दिसताच पाय हळूच उचलणे, ही तीच विद्या. सिग्नलपाशी पोहोचायला वेळ तेवढाच लागतो.

एसीविषयी उगाच बाऊ केला जातो. आपल्याकडे तो तासाला एक-दीड युनिट खातो. हायवेवर त्याचा परिणाम थोडा, वाशी पुलाच्या कोंडीत अधिक, कारण तेथे गाडी चालत नाही आणि एसी चालतो. पण मागच्या सीटवर म्हातारी आई घामाघूम होऊन बसली आहे आणि चिरंजीव रेंज वाचवण्यासाठी एसी बंद करून शंभरने गाडी हाणत आहेत, हे दृश्य मला मान्य नाही. वेग 100 वरून 80 वर आणला तर एसीच्या खर्चाहून जास्त वीज वाचते. टायरमधील हवा मात्र पंधरा दिवसांनी पाहावी, तिला काही खर्च नाही.

आता पुण्याला जाण्याचा प्रश्न. बेलापूरहून पुणे सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. पडद्यावर 190 दिसत असले, की मनुष्य निर्धास्त निघतो. कळंबोलीहून एक्सप्रेसवेला लागून शंभरने खोपोलीपर्यंत जाता जाता आकडा प्रत्यक्ष अंतरापेक्षा भराभर उतरतो. मग बोरघाट. खोपोली समुद्रसपाटीपासून फार उंच नाही, लोणावळा सुमारे 620 मीटरवर आहे. माणसांसह सतराशे किलोची गाडी एवढी उंच उचलायला, रस्त्याचा नेहमीचा खर्च सोडून, अडीच ते तीन युनिट लागतात. 30 युनिटांच्या बॅटरीचा हा जवळजवळ दहावा हिस्सा झाला. घाटमाथ्यावर पोहोचेपर्यंत पडदा इतका कमी आकडा दाखवतो की घरच्यांचे चेहरे उतरतात. लहान मुले तर मोठ्याने आकडे वाचून दाखवतात! वास्तविक पुढे लोणावळ्यापासून रस्ता बराच सौम्य आहे आणि ऐंशीने चालवले की आकडा हळूहळू जागेवर येऊ लागतो. गाडी घाटाचा खर्च पुढच्या रस्त्यालाही लावून बसलेली असते, एवढेच.

परत येताना उलट होते. चढताना गेलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक उतारावर परत येऊ शकते. पण लोणावळ्यालाच बॅटरी शंभर टक्के भरून घाट उतरायला लागलात, तर परत येणारी वीज ठेवायला जागा कोठे? भरलेल्या हंड्यात आणखी पाणी मावत नाही. अशा वेळी गाडीचा विजेचा ब्रेक कमी लागतो आणि नेहमीच्या ब्रेकवर सगळा भार येतो. घाट उतरण्यापूर्वी बॅटरीत थोडी जागा ठेवावी.

एक इशारा देऊन ठेवतो. वीज वाचवायची म्हणून एक्सप्रेसवेवर चाळीसने रखडणे, तेही उजव्या लेनमधून, हा जिवाशी खेळ आहे. ऐंशीने, डाव्या बाजूने, एकसारखे चालवावे. कळंबोली ते खोपोलीपलीकडचा सपाट रस्ता आणि घाटानंतरचा मिळून साठ किलोमीटर धरले, तर शंभरऐवजी ऐंशीने जाण्यात नऊ मिनिटे जास्त जातात आणि दोन युनिटांहून अधिक वीज वाचते. दोन युनिट म्हणजे बारा-पंधरा किलोमीटर. रात्री अकरा वाजता चार्जिंग केंद्र बंद सापडले, तर पुढच्या केंद्रापर्यंत पोहोचणे त्यावरच ठरते.

भाड्याची गाडी चालवणाऱ्याला हाच फरक हप्त्यात दिसतो. समजा महिन्याला 4,000 किलोमीटर होतात. युनिटला सात किलोमीटर पडले तर 571 युनिट लागतील. साडेपाच पडले तर 727. फरक 156 युनिटांचा. बाहेरच्या केंद्रावर युनिटला 20 रुपये द्यावे लागतात असे धरले, तर 3,100 रुपयांवर जातो. वर्षाला 37,000. शिवाय जादा चार्जिंगसाठी रांगेत गेलेला वेळ वेगळा, त्या वेळात एखादी फेरी झाली असती. अर्जासोबतच्या कागदावर हा रकाना कोणीच टाकत नाही. मी आता टाकायला लावतो: माहितीपत्रकातील किलोमीटर खोडून "युनिटला किती किलोमीटर" असे लिहायचे, आणि बॅटरीचे सगळे युनिट न धरता सातवा हिस्सा राखीव ठेवायचा. 30 युनिटांतून 26 धरले आणि सातने गुणले, तर 182. याच्यावर फेऱ्या आखल्या तर हप्ता चुकत नाही. 312 वर आखल्या तर तिसऱ्या महिन्यापासून घरात भांडणे.

बरीच मुले वापरलेली गाडी घेतात. तेथे तर पडद्यावरील आकड्यावर मुळीच जाऊ नये. विक्रेत्याने आदले दोन दिवस गाडी तीसच्या वेगाने कॉलनीत फिरवली असेल, तर पडदा फुगलेला आकडा दाखवणारच. शिवाय वापराने बॅटरीची साठवण कमी होत जाते. पूर्ण चार्ज करून घ्यावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावा आणि स्वतः बेलापूर ते खोपोली, घाट न चढता, ऐंशीने जाऊन परत यावे. किती टक्के बॅटरी खर्च झाली आणि किती किलोमीटर झाले, ते वहीत लिहावे. पन्नास टक्क्यांत किती किलोमीटर झाले त्याची दुप्पट करावी, म्हणजे पूर्ण बॅटरीचा खरा पल्ला कळतो. त्यातूनही सातवा हिस्सा राखीव वजा करावा. विक्रेता एवढी फेरी मारू द्यायला तयार नसेल, तर दुसरी गाडी पाहावी. ज्यांच्याकडे अशी गाडी आधीपासून आहे, त्यांनी आपल्या वहीतील महिनाभराचे आकडे, गाडीच्या बॅटरीच्या युनिटांसह, साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवावेत. ते अर्ज भरताना मुलांना दाखवता येतील.